सोडवणूक

धानपट्ट्यात पऱ्हे टाकायची वेळ आली की घरातले डाग गहाण पडतात. धानाचे चुकारे हाती आले की ते सोडवून आणायचे. भंडारा, लाखनी, पवनी, तुमसर, कुठेही जा, क्रियापद हेच. सोनेतारण कर्जाच्या इंग्रजी कागदावर मात्र या व्यवहाराला 'रिडेम्पशन' म्हणतात. चर्चमध्ये पापमुक्तीसाठी ऐकू येणारा हा शब्द पेढीवर कसा आला, असे वाटते. प्रवास उलटा आहे. तो पेढीवरूनच चर्चमध्ये गेला.

लॅटिन 'रेदिमेरे' म्हणजे परत विकत घेणे. रोममध्ये सरकारी बांधकामाचा ठेका घेणाऱ्यालाही 'रेदेम्प्तोर' म्हणत. रिओच्या डोंगरावर हात पसरून उभ्या असलेल्या ख्रिस्ताची 'रिडीमर' ही पदवी एके काळी कंत्राटदाराचीही होती, हे भाविकांना फारसे रुचणार नाही. हिब्रू धर्मशास्त्रातही मूळ हिशेबाचेच आहे. गरिबीमुळे कुणी जमीन विकली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यावी, असा नियम 'लेवीय' या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सापडतो.

याच लॅटिन शब्दाचे दुसरे रूप फ्रेंचमधून इंग्रजीत आले, ते 'रॅन्सम'. म्हणजे अपहरणकर्त्याची मागणी आणि आत्म्याची मुक्ती हे सख्खे भाऊ. मध्ययुगात दोघे एकाच घरात नांदतही होते. कैद्यांना पैसे देऊन सोडवण्यासाठी ११९८ मध्ये मान्यता मिळालेला ट्रिनिटेरियन संन्याशांचा पंथ होता. अल्जियर्समध्ये पाच वर्षे बंदी असलेल्या लेखक सर्व्हान्तेसला १५८० मध्ये त्यांनीच पाचशे सोन्याची नाणी मोजून सोडवले. ती रक्कम भरली गेली नसती, तर 'डॉन किहोते' लिहिला गेला असता का, कोण जाणे.

जमिनीच्या बाबतीत इंग्रजांचा जुना कायदा निष्ठुर होता. ठरल्या दिवशी पैसे आले नाहीत, की जमीन कायमची गेली. एक दिवसाचा उशीरही चालत नसे. सतराव्या शतकात चॅन्सरी न्यायालयाने त्यात हात घातला. मुदत टळली तरी मुद्दल आणि व्याज आणणाऱ्याला जमीन परत मिळाली पाहिजे, असे ते सांगू लागले. गहाणखतात याविरुद्ध कितीही कलमे घाला, ती टिकणार नाहीत. एकदा गहाण ते कायम गहाण; कलमे घालून त्याची विक्री होत नाही.

हे तत्त्व १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६० मध्ये उतरले. त्या वर्षी मुंबई इलाखा या कायद्यातून वगळलेला होता, मध्य प्रांत मात्र नव्हता. म्हणजे पुण्या-साताऱ्याच्या शेतकऱ्याआधी तो भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला लागू झाला. ताबेगहाणात सावकार जमीन कसून उत्पन्न खातो, नजरगहाणात ताबा मालकाकडेच राहतो. सोडवण्याचा हक्क दोन्हीत. १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने त्यासाठी साठ वर्षे दिली होती, १९६३ च्या कायद्याने ती तीसवर आणली. आजोबाने ठेवलेली बांधी नातवाने सोडवायची, यामागे हा साठ वर्षांचा हिशेब होता. हक्क असणे आणि पैसा असणे या दोन गोष्टी वेगळ्या, हे अर्थात कलमात लिहिलेले नाही.

मराठीने हाच रस्ता उलट्या दिशेने कापला. 'तारण' म्हणजे पैलतीरी नेणे. मग कर्ज बुडू नये म्हणून ठेवलेली वस्तूही तारण झाली. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे मोक्ष आणि येशू तारणारा. सहकारी बँकेच्या पाटीवर तेच सोनेतारण. ख्रिस्ताने मोजलेल्या किमतीसाठी मराठी बायबलने 'खंडणी' निवडला. नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नसेल.

पैसे न मोजता सोडवणूक मात्र १९७५ मध्ये झाली. महाराष्ट्राच्या कर्जमुक्ती कायद्याने अल्पभूधारक, ग्रामीण कारागीर आणि भूमिहीन मजुरांची सावकारी कर्जे रद्द केली आणि गहाण ठेवलेले डाग परत द्यायला लावले. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला. बँका आणि सहकारी संस्थांची कर्जे त्यातून वगळलेली होती. त्यांचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात तसाच राहिला; तो आजही पैसे भरल्यावरच उतरतो.