भरतीचा दरवाजा

पायदळातल्या माणसाला नोकरीत एकदा तरी महू घडतंच. मी कोर्ससाठी गेलो होतो. रविवारी सुट्टी मिळाली की बाकीची मंडळी खाण्यापिण्यासाठी इंदूर गाठायची. एका रविवारी मी मागे राहिलो आणि बाबासाहेबांचं जन्मस्थान पाहून आलो. जागा आधी ऐकून माहीत होती, पण तिथे उभं राहिल्यावर एक गोष्ट नव्याने टोचली. १४ एप्रिल १८९१ ला हे मूल लष्करी छावणीत जन्मलं, कारण वडील रामजी सकपाळ पलटणीच्या शाळेत शिक्षक होते. आजोबा मालोजी शिपाई, आईचे वडील सुभेदार-मेजर. म्हणजे दोन्हीकडून फौजी घर. आणि मूल चालायला शिकतंय न शिकतंय तोच सरकारने ठरवलं की यापुढे महारांची भरती बंद.

आज आपण भरती मेळाव्यात उंची, छाती, धावणं मोजतो. त्या काळी आधी जात मोजली जाई. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. हिंदुस्थानातले काही समाज जन्मतः लढाऊ आणि बाकीचे नाहीत, हे त्यांचं ठाम मत. रशिया वायव्येकडून येईल ही धास्ती होतीच. त्यामुळे भरती उत्तरेकडे सरकली आणि पलटणी जातवार बांधल्या जाऊ लागल्या. अशा रचनेत अस्पृश्य ठरवलेल्या शिपायाला जागाच उरली नाही. मुंबईच्या फौजेत महारांची सेवा जुनी. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर ‘नाक’ प्रत्ययाची नावं आजही वाचता येतात. तो स्तंभ सरकारनेच उभारला होता. त्यावरची नावं तशीच राहिली, पण त्यांच्या नातवंडांना १८९२-९३ च्या सुमारास दरवाजा बंद झाला. माणसाचं शौर्य एका वर्षात आटत नाही. बदलला होता तो कागदावरचा शेरा.

शेऱ्याने काय गेलं, हे पेन्शनीत निघालेल्या फौजीला समजावून सांगायला नको. पगार गेला, पेन्शन गेली, गावात ताठ मानेने फिरण्याचं बळ गेलं. सगळ्यात मोठं नुकसान शाळेचं. छावणीत शिपायांच्या मुलामुलींना शिकणं सक्तीचं होतं. गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर बसवत, त्यांच्या घरात पलटणीमुळे अक्षर आलं होतं.

पुढे माझी बदली जालंधरला झाली आणि त्याच गोष्टीची दुसरी बाजू दिसली. तिथल्या जुन्या घरांत आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात ‘बार’ येतो. बार म्हणजे चिनाब आणि रावीमधला ओसाड माळ. १८९२ मध्ये तिथे चिनाबचा कालवा सुरू झाला आणि सरकारने वसाहती वसवल्या. ल्यालपूर हे त्यातलं मोठं ठिकाण, आजचं पाकिस्तानातलं फैसलाबाद. जालंधर, होशियारपूर, अमृतसर या दाटीच्या जिल्ह्यांतून शेतकरी तिकडे गेले. फौजेतून निवृत्त झालेल्यांनाही जमिनी मिळाल्या. मोजमाप ‘मुरब्ब्या’त. हा आपल्याकडचा बरणीतला मुरंबा नव्हे. साधारण २५ एकरांचा चौकोनी तुकडा.

वर्दीमागे जमीन आली आणि जमिनीमागे आवाज. १९०६-०७ मध्ये सरकारने वसाहतींतल्या मालकीवर बंधनं घालणारा कायदा आणला, तेव्हा शेतकरी पेटून उठले. लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना मंडालेला धाडलं, पण व्हाइसरॉय मिंटो यांनी त्या कायद्याला संमती दिली नाही. कारण सरळ होतं. ज्याच्या शेताला हात लावायचा, त्याचा भाऊ किंवा मुलगा पलटणीत बंदूक घेऊन उभा होता.

आता आपल्याकडे पाहा. दापोलीला स्थायिक झालेले निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा असा अर्ज केला. १९१० मध्ये पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांकडे मागणी नेली: फौजेत घ्या, पोलिसात घ्या. दोन्ही वेळा दरवाजा हलला नाही. यांच्यामागे बंदूक नव्हती आणि मुरब्बाही नव्हता. जे होतं ते अक्षर, आणि तेही बऱ्याच अंशी पलटणीनेच दिलेलं.

इंग्रजांच्या चाकरीसाठी एवढी धडपड कशाला, असं कुणी विचारतं. मला तो प्रश्न पोटभरल्याचा वाटतो. ज्याला गावात विहीर बंद, शाळा बंद, त्याच्यासाठी हजेरीपटावर बाकीच्यांच्या रांगेत आपलं नाव असणं हीच मोठी गोष्ट होती.

पण पंजाबात सगळ्यांचंच भलं झालं असंही नाही. १९०० च्या जमीन हस्तांतरण कायद्याने ‘शेतकरी जमातीं’ची यादी केली आणि यादीबाहेरच्यांना त्यांची जमीन घ्यायला बंदी केली. हेतू सावकाराला रोखण्याचा. पण तिथले दलितही यादीबाहेरच राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबणारा माणूस कायद्याच्या नजरेत शेतकरी नव्हता. होशियारपूर जिल्ह्यातल्या मुगोवालचे मंगूराम अमेरिकेला गेले, गदर चळवळीत वावरले आणि परत येऊन १९२६ मध्ये त्यांनी ‘आद धर्म’ चळवळ उभी केली. १९३१ च्या जनगणनेत चार लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म तोच लिहवला. जालंधरच्या वस्त्यांतून आजही ती ओळख भेटते.

वर चढलेल्यांनाही हिशेब चुकवावा लागला. पहिल्या महायुद्धात पंजाबने साडेतीन लाखांच्या आसपास लढवय्ये दिले. शेवटी शेवटी तर गावोगाव जबरदस्तीची भरती झाली. आणि युद्ध संपून वर्ष व्हायच्या आत, १३ एप्रिल १९१९ ला, त्याच पंजाबच्या जालियनवाला बागेत सरकारच्या गोळ्या चालल्या.

त्याच युद्धाने आपल्याकडचा दरवाजा थोडा किलकिला केला. माणसं कमी पडू लागली तेव्हा ‘अलढाऊ’ ठरवलेले पुन्हा लढाऊ झाले आणि १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, गरज संपली. १९२१ मध्ये ती मोडली. गरजेपुरतं बोलवायचं आणि काम झालं की घरी पाठवायचं, हा अपमान मला १८९२ च्या बंदीहून जास्त बोचरा वाटतो.

मात्र तोवर अर्ज लिहिणारी पिढी मागे पडून सभा घेणारी पिढी पुढे आली होती. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला, आणि त्यात निवृत्त फौजी होते. जुलै १९४१ मध्ये महूच्या छावणीत जन्मलेला तो मुलगा, वयाच्या पन्नाशीत, सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होता. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

बंदी ते बेळगाव, जवळजवळ पन्नास वर्षं. एका फौजी घराच्या हिशेबात दोन पिढ्यांची नोकरी. रामजी सुभेदारांना तो दिवस पाहता आला नाही. ते १९१३ मध्येच गेले.

आता भरती मेळाव्याच्या बंदोबस्तावर असलो आणि पहाटे गेटबाहेर पोरांची रांग दिसली, की मला ते अर्ज आठवतात. धावण्यात मागे पडलेलं पोर सहा महिन्यांनी पुन्हा धावू शकतं. त्या पोरांना धावूच दिलं नव्हतं.