संगणकाची उष्णता आणि घरगुती पंख्याचा पाट : एक ऐतिहासिक टिपण

यंत्रांचा इतिहास बहुधा त्यांच्या वेगाच्या व सामर्थ्याच्या अंगाने लिहिला जातो. यंत्रातून निघणाऱ्या उष्णतेची व्यवस्था कोणी लावावयाची, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. संगणकाच्या बाबतीत तरी हा प्रश्न गौण मानता येणार नाही. कारण संगणकात शिरणारी जवळजवळ सर्व विद्युत्‌शक्ती अखेरीस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा मागोवा एका सामान्य वस्तूच्या आधारे घ्यावयाचा आहे. ती वस्तू म्हणजे लॅपटॉपखाली ठेवण्याकरिता विद्यार्थी घरीच बनवितात तो पंखे बसविलेला पाट. बाजारात त्याला कूलिंग पॅड म्हणतात. उष्णतेचा भार आरंभी संस्थेने वाहिला, पुढे उत्पादकाने, आणि शेवटी त्याचा काही भाग वापरणाऱ्याच्या माथी आला. हा पाट त्या स्थित्यंतराचा पुरावा आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

१. आरंभीचा काळ. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला एनिॲक हा संगणक १९४६ मध्ये लोकांसमोर आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. नलिकेतील तार तापल्यावाचून ती कार्यच करीत नाही. म्हणून येथे उष्णता अपरिहार्यच होती. ती घालविण्यासाठी मोठ्या पंख्यांची स्वतंत्र योजना करावी लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफरॅकमध्येही सुमारे २,७०० नलिका होत्या. १९७६ मधील क्रे-१ या महासंगणकात नलिका नव्हत्या. तथापि त्याच्या चौकटीतून फ्रेऑन हे शीतकद्रव्य खेळवावे लागे. या सर्व यंत्रांच्या ठायी एक गोष्ट समान आहे. यंत्र संस्थेचे होते, खोली संस्थेची होती, आणि थंडाव्याचा खर्चही संस्थेच्याच हिशेबी पडत असे.

२. भार सरकतो. सूक्ष्मप्रक्रियक आल्यावर संगणक मेजावर आला. इंटेलचा १९८५ मधील ३८६ हा प्रक्रियक सामान्यतः पंख्यावाचून चाले. १९९३ मधील पेंटियमवर मात्र धातूचा पंखेदार ठोकळा बसविणे रूढ झाले. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये असे दाखविले होते की, ट्रान्झिस्टरचा आकार व विद्युत्‌दाब एकाच प्रमाणात कमी करीत गेल्यास तेवढ्याच क्षेत्रफळात उत्पन्न होणारी उष्णता वाढत नाही. या तत्त्वावर उद्योगाने सुमारे ३० वर्षे वाटचाल केली. पुढे गळणाऱ्या विद्युत्‌प्रवाहामुळे दाब आणखी उतरविणे अशक्य होऊ लागले व हे गणित मोडले. २००४ मध्ये इंटेलने टेजस हा नियोजित प्रक्रियक सोडून दिला. त्यामागे उष्णतेचे कारण प्रमुख होते.

लॅपटॉपमध्ये ही अडचण अधिक तीव्र होती, कारण तेथे जागाच नाही. १९८२ मधील ग्रिड कंपासमध्ये मॅग्नेशियमच्या कवचाकडूनच उष्णता बाहेर टाकण्याचे काम घेतले होते. पुढे उष्णतानलिकेचा उपयोग सर्वत्र होऊ लागला. या बंद तांब्याच्या नळीत थोडे पाणी असते; तापलेल्या टोकाशी त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाशी ती निवते, आणि पाणी आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. या कल्पनेवर गॉग्लर यांना १९४४ मध्ये एकस्व मिळाले होते. १९६३ मध्ये लॉस ॲलॅमॉस येथे ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. तथापि बाहेर टाकलेली उष्णता जाणार कोठे? ती मेजावर वा मांडीवरच येते. शेगडीशी सतत बसणाऱ्यांच्या त्वचेवर उमटणारे जाळीदार डाग वैद्यकास फार पूर्वीपासून परिचित होते. तेच डाग लॅपटॉपमुळे मांडीवर उमटल्याची नोंद प्रथम २००४ मध्ये झाली.

३. घरगुती पाट. त्याची रचना अत्यंत साधी असते. प्लायवुडच्या फळीला गोल भोके पाडून त्यांत मोडीत निघालेल्या मेजावरील संगणकाचे ८० किंवा १२० मिलिमीटरचे पंखे बसवितात, वर तारेची जाळी लावतात व खाली चार पाय जोडतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सामान मिळते. हे पंखे १२ व्होल्टचे असतात, तर यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. त्यामुळे ते मंद फिरतात, आवाज कमी करतात. काही पंखे मात्र सुरूच होत नाहीत. यूएसबीच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत ५०० मिलिअँपिअरची, म्हणजे अडीच वॉटची, मर्यादा असल्यामुळे दोनच पंखे लावणे इष्ट. तारेतील लाल व काळा धागा पंख्याला जोडून पांढरा व हिरवा वेगवेगळे झाकून टाकावे लागतात.

पंखा कोठे बसवावा, हे मात्र यंत्र पाहूनच ठरते. लॅपटॉपची हवा आत घेण्याची छिद्रे तळाशी असल्यास पंखा नेमका त्यांखाली यावयास हवा व त्याने हवा वर फेकली पाहिजे. छिद्रे तळाशी नसतील तर पंख्यांचा लाभ अल्पच. पुष्कळदा नुसते बोटभर उंच उचलल्यानेच अर्धे काम होते. आत साचलेली धूळ काढल्याने त्याहून अधिक.

४. मर्यादा. अनेक उत्पादक आपल्या लॅपटॉपकरिता भोवतालच्या हवेची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगतात. नागपूर वा चंद्रपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पंखा हवा हलवितो, तिला थंड करीत नाही. म्हणून भोवतालच्या हवेहून यंत्र अधिक निववणे त्याला शक्य नाही. अशा दुपारी विदर्भातील विद्यार्थी लॅपटॉप घेऊन कूलरच्या खोलीत जातो, म्हणजे एनिॲकच्या काळातील उपायाकडेच वळतो. फरक इतकाच की, आता त्या खोलीचा खर्च त्याच्या घरावर पडतो. ज्याच्या घरी तशी खोली नाही, त्याचे काम दुपारभर थांबते.

एनिॲकचे व क्रेचे भाग आज संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. घरगुती पाट मात्र लॅपटॉपबरोबर भंगारात जातो. त्याची कोठे नोंद नसते, त्यावर कर्त्याचे नाव नसते. उत्पादकांची पत्रके वाचून लिहिलेल्या इतिहासात हा भार कोणी वाहिला ते दिसणार नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी असे दहा-वीस पाट मोजमाप, सामान व खर्च यांसह टिपून ठेवले, तर पुढील अभ्यासकास ते अस्सल साधन ठरेल.