बोट, गिरणी आणि ‘दाभोळ’ नावाची कंपनी

स्मरणिकेत आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मी शाळेत असल्यापासून इतिहासाच्या नादी लागलेला, तेव्हा माझ्याकडून थोडा इतिहास सहन करा. दाभोळचा इतिहास म्हटला की आपण ठरलेल्या गोष्टी सांगतो : १५०८ च्या डिसेंबरात अल्मेडाने बंदर जाळले, आदिलशाहीत माँसाहेबांची मशीद झाली, चंडिकादेवीचे स्थान फार पुरातन. पण दाभोळच्या पोराला पहिली नोकरी कशी मिळत आली, हा इतिहास कुणी सांगत नाही.

ही नोकरी जवळजवळ कधीच गावात नव्हती. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती ७,७३,१९६ होती आणि त्यात सुमारे सव्वा लाख माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे मुंबईत दर सहा माणसांमागे एक आपल्या जिल्ह्याचा. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती आणि घाट चढून पायी जाणे आठवड्याचे काम. एवढी माणसे गेली ती मुख्यतः समुद्रावरून. दाभोळ हे बोटीचे बंदर असल्यामुळे वर चिपळूणपर्यंतचे लोक खाडीने गोवळकोटहून खाली येत आणि इथे मुंबईची बोट धरत. पावसाळ्यात बोटी बंद. जूनमध्ये राहून गेला तो थेट गणपतीच्या सुमारास सुटायचा. वय वाढलेले, घरात खाणारी तोंडे, आणि समुद्र बंद.

बोटींचा धंदा आधी शेफर्ड कंपनीच्या हातात होता. पुढे तिचीच बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनी झाली आणि कारभार किलिक निक्सन या गोऱ्या पेढीकडे आला. किनाऱ्यावर दुसरा कोणी मोठा वाहतूकदार नसेल तर तिकीट, डेक आणि वागणूक कंपनी देईल तशी घ्यावी लागते. स्वदेशीच्या चळवळीच्या वाऱ्यात इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. एवढे लांबलचक नाव कोण घेणार? लोकांनी तिला ‘माझी आगबोट कंपनी’ केले. मला या इतिहासातला हा सगळ्यात मोठा शब्द वाटतो. कोकणातल्या माणसाने कुठल्या कंपनीला ‘माझी’ म्हटल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. कंपनीनेही ते ओळखले होते. तिच्या बोटींची नावे तुकाराम, रामदास. वारकऱ्याच्या घरातला मुलगा गिरणीत लागायला निघाला, तर तो कुठल्या बोटीत चढेल?

अशा चढाओढीत काय होऊ शकते, ते तुतिकोरीनला दिसले. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तिथे स्वदेशी बोट कंपनी काढली, तेव्हा समोरच्या ब्रिटिश कंपनीने भाडे पाडत पाडत शेवटी फुकट नेण्यापर्यंत मजल मारली, वर छत्र्या वाटल्या. १९०८ मध्ये पिळ्ळै तुरुंगात गेले, आणि थोड्याच वर्षांत कंपनी गुंडाळली गेली. आपल्या किनाऱ्यावरची स्वदेशी कंपनी पुष्कळ जास्त टिकली. तिचा इतिहास मात्र निव्वळ गौरवाचा नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी वादळात ‘तुकाराम’ बुडाली, त्याच दिवशी ‘जयंती’ही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोट ‘माझी’ असली तरी समुद्र कुणाचा नसतो, हे आपल्या खारवी आणि दालदी मित्रांना मी काय सांगणार!

बोट भाऊच्या धक्क्याला लागली की नोकरीचा दुसरा अध्याय सुरू होई, आणि तिथे मात्र चढाओढ उलट्या बाजूने होती. गिरण्या पुष्कळ, पण नोकरी द्यायची ती जॉबरने. जॉबर गावचा असेल तर ठीक, नसेल तर हात ओले करावे लागत. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली कमिशनने ही लाचलुचपत नोंदवून ठेवली आहे. मुलगा आधी बदली कामगार होई : रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर त्या दिवसापुरते काम. खोली गावकीची, जेवण खानावळीत, आणि पहिली मनीऑर्डर निघेपर्यंत घरचे पोस्टमनकडे डोळे लावून. जहाजावर जाणाऱ्यांचीही तीच गत. तिथे जॉबरच्या जागी सारंग. म्हणजे उतारूला ओढायला दोन कंपन्या असत, कामगाराला ओढायला कुणी नसे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि आपल्यापैकी कित्येकांचे वडील तेव्हा गावी परतले ते पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आपण तेव्हा पाटी-पेन्सिलवाले.

आता आपल्या वेळेकडे येतो. १९९२ च्या जूनमध्ये आपल्या हातात दहावीच्या मार्कशीट पडल्या. त्याच महिन्याच्या २० तारखेला राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांच्यात समझोत्याचा करार झाला. कारखाना खाडीपलीकडे, अंजनवेलला, पण नाव आपले : दाभोळ पॉवर कंपनी. जगभरच्या वर्तमानपत्रांत दाभोळ छापून आले आणि दाभोळात त्यातले काही नव्हते, ही गंमत आजही मी परगावच्या लोकांना समजावत बसतो. जाहीर निविदा न मागवता काम एकाच कंपनीला दिले गेले, आणि १९९५ मध्ये मुंडे समितीचा मुख्य आक्षेप त्यावरच होता. वीज घेणाराही एकच, वीज मंडळ. वीज उचलली नाही तरी ठरलेला आकार द्यायचा, तोही डॉलरच्या भावाशी बांधलेला.

याचा पोरांच्या नोकरीशी संबंध काय? फार जवळचा. ३ ऑगस्ट १९९५ ला सरकारने प्रकल्प रद्द केला आणि काम थांबले. नव्या वाटाघाटी होऊन ते पुन्हा सुरू झाले. मे १९९९ मध्ये वीज निघू लागली, मे २००१ मध्ये बंद पडली, डिसेंबरात एन्रॉनचेच दिवाळे निघाले. प्रत्येक वळणावर कंत्राटदाराचा माणूस यादी घेऊन येई : उद्यापासून या, किंवा उद्यापासून येऊ नका. आपल्या वर्गातले जे तिथे हेल्पर, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून लागले त्यांना हा हिशोब मी सांगायला नको. त्यांतल्या काहींचे पहिल्या पगाराचे कौतुक घरोघर झाले होते. आणि वेलदूरच्या ज्या बायकांना जून १९९७ मध्ये पोलिसांनी पहाटे घरातून उचलले, त्यांची चिंता मासळीची होती, म्हणजे तीही रोजगाराचीच. एकाच वाडीत एका घरात गेटपास आणि शेजारी अटकेची नोटीस, अशी ती वर्षे. दोघांपैकी कुणालाही मी चूक म्हणणार नाही.

बोटीच्या काळात एक कंपनी नको तर दुसरी होती. अंजनवेलच्या फाटकाला दुसरे फाटक नव्हते. २००५ मध्ये तिथे रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी भागीदारीची कंपनी आली, पण तोवर आपल्यापैकी बहुतेक मुंबई, पुणे, आखातात पांगले होते. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट मोटारींसह माणसांना पलीकडे नेते. खाडी ओलांडून कामाला जाणारी हल्लीची पोरे तिच्यात मोबाइल बघत उभी असतात.

आता एक काम. ‘रोहिणी’, ‘चंद्रावती’, ‘कोकण सेवक’ या बोटींनी आपल्या घरातून पहिल्या नोकरीसाठी कोण गेले, कुठल्या गिरणीत वा जहाजावर लागले, जॉबर कुठल्या गावचा, हे ज्यांना घरी विचारता येईल त्यांनी मेळाव्याला येताना कागदावर लिहून आणावे. जुने तिकीट, बदलीचे कार्ड, दाभोळ पॉवरचा गेटपास सापडला तर तोही. शाळेच्या कपाटात एक फाईल करून ठेवू. विचारायचे ते या सुट्टीतच विचारा. सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढची आहेत.