माहीमच्या खाडीवरील पूल व त्याच्या पैशाची हकीकत

आमच्या वांद्र्याच्या व माहीमच्या ख्रिस्ती घरांतून एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. सर जमशेटजी जीजीभाई यांची पत्नी आवाबाई हिला मूल नव्हतें. तिच्या घरच्या एका कॅथोलिक दासीनें तिला मोत माउलीस नवस करण्यास सुचविलें. खाडींतून डोंगराकडे जाणें कठीण पडलें, तेव्हां बाईनें यात्रेकरूंसाठीं वाट बांधून देण्याचें वचन दिलें, आणि तिची कूस उजवली. गोष्ट गोड आहे. पण आम्हांस प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे कीं, ती सनांशीं जुळत नाहीं. जमशेटजींचा वडील मुलगा कर्सेटजी 1811 सालीं जन्मला, आणि पुलाचें काम निघालें 1843 सालीं. पवित्र मारियेचा महिमा अशा आधारावांचून उणा पडत नाहीं. म्हणून तिचा मान राखूनच आम्ही येथें खरी हकीकत मांडतों. ती पैशाची आहे, व आमच्या मतें तीही कांहीं कमी बोधक नाहीं.

प्रथम खाडीविषयीं थोडें. मुंबई बेट 1665 सालीं इंग्रजांच्या ताब्यांत आलें, तेव्हां माहीम त्यांत मोडतें कीं नाहीं यावरूनच पोर्तुगीजांशीं तंटा पडला. इंग्रजांनीं तें घेतलेंच. त्या दिवसापासून हें खारें पाणी दोन राज्यांची सीमा झालें. 1739 नंतर पलीकडे मराठ्यांचा अंमल आला, आणि 1774 च्या अखेरीस इंग्रजांनीं साष्टी घेतली. दोन्ही कांठ एका धन्याचे झाले. पण वाट होईना. शीवकडे गव्हर्नर डंकन यांच्या वेळीं बांध पडला. तथापि वांद्र्याच्या माणसास तो भारी वळशाचा. त्यामुळें भाजी, मासळी, माणसें सारीं तरीनें ये-जा करीत. त्यांतून आमच्या माउलीचा सण 8 सप्टेंबरचा, म्हणजे पावसाळा पुरता सरलेला नसतो. खाडीला ओढ असते, आणि भरलेली होडी उलटण्यास कितीसा वेळ लागतो!

मग सरकार बांध कां बांधीत नव्हतें? सरकार म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, आणि कंपनी म्हणजे हिशेबाची वही. मोठ्या खर्चास लंडनच्या डायरेक्टरांची मंजुरी लागे. 1839 पासून अफगाणिस्तानांत लढाई, 1843 सालीं सिंध. फौजेस पैसा होता. वांद्र्याचे कोळी, कुणबी व भंडारी यांना बोलावयास ना सभा होती ना मत. दलदलींत दगड टाकून मिळणार काय, हा प्रश्न वहींतून पाहिला तर रास्तच होता, असें आम्ही खेदानें कबूल करतों.

अशा वेळीं ज्यांचें सरकारांत चाले असे मुंबईचे शेट लोकच रयतेचे प्रतिनिधि ठरत. जमशेटजी चीनच्या व्यापारांत, कापसाबरोबर अफूच्याही, धनाढ्य झालेले (ही गोष्ट स्तुतिपाठक बहुधा गाळतात), आणि 1842 सालीं ‘सर’ झालेले. त्यांच्या दानाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. इस्पितळासाठीं त्यांनीं लाख रुपये देऊं केले, तेव्हां सरकारनेंही तितकाच वांटा उचलावा असें ठरलें. पुलाच्या बाबतींत कंपनीनें हात आंखडला, तेव्हां आवाबाईंनीं आपल्या नांवें रक्कम दिली. आरंभींचे पैसे पुरले नाहींत. बाईंनीं पुन्हां थैली सोडली. एकूण दान दीड लाखावर गेलें. 1,57,000 हा आंकडा सर्वत्र सांगितला जातो.

परंतु या दानाचें खरें तेज रकमेंत नसून अटींत आहे. या वाटेवर सरकारनें जकात घेऊं नये, असें बाईंनीं घातलें. नव्या वाटेवर जकात बसविणें सरकारास नवें नव्हतें. ती बसली असती तर डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन निघणाऱ्या बाईला पुलाचा लाभ अर्धाच झाला असता, आणि दानशूराच्या पैशानें बांधलेल्या पुलावर कंपनीनें मिळकत केली असती. ही मेख बाईंनीं हेरली. 1845 सालीं बांध खुला झाला, आणि वांद्र्याचा शेतकरी पायीं माहीमच्या सेंट मायकलच्या देवळासमोर येऊं लागला. पुढें वांद्रें वाढलें, बंगले उठले, जमिनीचे भाव चढले. ज्यांच्या सोयीसाठीं वाट झाली त्यांतील कित्येकांचीं शेतें त्याच वाटेनें गेलीं, हेंही नोंदविलें पाहिजे.

त्याच खाडीच्या तोंडाशीं, समुद्रावरून, वांद्रें-वरळी सागरी सेतु 1999 सालीं हातीं घेतला गेला व 30 जून 2009 रोजीं खुला झाला. पांच वर्षांचें काम दहांवर गेलें; खर्च फुगत सुमारें 1,600 कोटींस पोंचला; माहीम-वरळीच्या कोळ्यांनीं मासेमारीच्या वाटेसाठीं तक्रारी केल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या. पैसा कर्जाचा, म्हणून फेड टोलाची. त्या सेतूवर पायीं चालणारास मज्जाव आहे. त्यामुळें सप्टेंबरच्या जत्रेस दक्षिणेकडून चालत येणारे भाविक मेणबत्त्या घेऊन आवाबाईंच्या जुन्या बांधावरूनच येतात.