शर्मन रणगाड्याचे पाठभेद

जुन्या वस्तूचा अस्सलपणा ठरवितांना कागद आणि लोखंड यांत तत्त्वतः भेद नाहीं. एखाद्या बखरीची प्रत हातीं आली म्हणजे आपण कागद, शाई, अक्षराचें वळण व कालोल्लेख पाहतों. मूळ मजकूर कोणता व मागाहून घुसडलेला कोणता हें निवडतों, आणि मगच तिच्यावर विश्वास टाकतों. हीच कसोटी गेल्या महायुद्धांतील पट्ट्यांवर चालणाऱ्या लढाऊ गाड्यांच्या जीर्णोद्धारासही लावली पाहिजे, असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल येथें अमेरिकन शर्मन रणगाडा घेतों. इ. स. १९४२ ते १९४५ या अवधींत असे सुमारें ४९,००० रणगाडे अनेक कारखान्यांतून बाहेर पडले. त्यामुळें ‘शर्मन’ हें एका गाडीचें नांव नसून एका कुळाचें नांव आहे असेंच म्हणावें लागतें.

या कुळाच्या शाखा मुख्यतः एंजिनावरून पडतात. एम् ४ व एम् ४ ए १ यांत काँटिनेंटल कंपनीचें, हवेनें थंड होणारें, नऊ सिलिंडरांचें एंजिन असे. पहिल्याचें अंग जोडीव पत्र्यांचें, तर दुसऱ्याचें ओतीव. एम् ४ ए २ मध्यें जनरल मोटर्सचीं दोन डिझेल एंजिनें व एम् ४ ए ३ मध्यें फोर्डचें आठ सिलिंडरांचें एंजिन होतें. एम् ४ ए ४ साठीं क्रायस्लरनें पांच एंजिनें एकत्र गुंफून तीस सिलिंडरांचें धूड बनविलें. तें मावावें म्हणून सांगाडा ११ इंचांनीं लांबविला, आणि त्यामुळें एका पट्ट्यांत ७९ ऐवजीं ८३ कड्या लागूं लागल्या. एंजिन कधींच नाहींसें झालें असलें तरी चाकांमधील अंतर व कड्यांची संख्या आजही साक्ष देतात. तेवढीच लांबी एम् ४ ए ६ चीही आहे. पण त्या गाड्या अवघ्या ७५ झाल्या व त्यांचें तोंड ओतीव आहे. ओतीव तोंड अखेरच्या कांहीं एम् ४ गाड्यांसही असल्यामुळें एकाच खुणेवर निर्णय देऊं नये.

नवशिक्याची फसगत बहुधा अंकांवरून होते. बुरुजावर ‘डी ५०८७८’ असा उठाव पाहून तो गाडीचाच क्रमांक समजणारे आढळतात. वस्तुतः तो आराखड्याचा क्रमांक असून आरंभींचें अक्षर आराखड्याच्या कागदाचा आकार सांगतें. हजारों बुरुजांवर तोच अंक आहे. त्याला गाडीचा क्रमांक मानणें म्हणजे पत्राच्या माथ्यावरील ‘श्री’ हें लेखकाचें नांव समजण्यासारखेंच होय. गाडीचा स्वतःचा क्रमांक आंतील पाटीवर असतो, व पुष्कळदां मागच्या बाजूस ओढण्याच्या कड्या अडकविण्याच्या कानांवरही ठोकलेला असतो. पाटी उचलून दुसरीकडे लावितां येते. कान सहसा हलत नाहींत. दोहोंत विरोध आल्यास कानाची साक्ष अधिक मोलाची.

कालनिर्णयासाठीं घडणींतील फेरफार उपयोगी पडतात. आरंभींचें नाकावरचें आच्छादन तीन तुकड्यांचें, बोल्टांनीं जोडलेलें असे. पुढें तें एकसंध ओतीव झालें. पट्टा तोलणारें वरचें रूळ आधीं चाकांच्या जोडीच्या मध्यावर होतें, मागाहून तें मागच्या बाहूवर गेलें. जोडीव गाड्यांचा समोरचा पत्रा पूर्वीं ५६ अंशांत कललेला असे. पुढें तो ४७ अंशांवर आला व चालकांचीं झांकणें मोठीं झालीं. १९४४ पासून आडव्या स्प्रिंगांची बैठक व २३ इंची रुंद पट्टे आले.

तथापि एका गाडीवर दोन काळांचे भाग दिसले कीं ती बनावट, असें मात्र नव्हे. वापरलेल्या अनेक गाड्या युद्धकाळींच कारखान्यांत परत नेऊन नव्या भागांनीं सजविल्या गेल्या. दारूगोळ्याच्या जागेवर बाहेरून जोडलेले जादा पत्रे १९४३ पासून दिसतात. पुढें इस्राएलनें जुन्या शर्मनांवर फ्रेंच तोफा व नंतर कमिन्स डिझेल एंजिनें चढविलीं. हे सर्व फेरफार समासांतील समकालीन टिपेसारखे आहेत. ‘मूळ रूप’ आणण्याच्या हौसेनें ते खरवडून काढणारा मनुष्य पुरावा नष्ट करतो. डेक्कन हॉर्स हें रिसाले-पथक १९४५ सालीं ब्रह्मदेशांत मेक्टिला येथें शर्मन घेऊन लढलें, आणि १९६५ सालीं खेमकरणच्या रणांतही त्याजपाशीं शर्मनच होते. १९६५ च्या गाडीस १९४५ चा पोषाख चढविला, तर दोन्ही लढायांविषयीं ती खोटेंच बोलेल.

कै. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत पाठ निवडतांना टाकलेले पाठही तळटीपांत जपले. रणगाड्यासही तोच न्याय लागू पडतो. सोडविण्यापूर्वीं प्रत्येक भागाचें छायाचित्र घ्यावें, ओतशाळेची खूण उतरून घ्यावी, त्या शाखेच्या छापील यादीशीं ताडून पाहावें (एम् ४ ए ४ साठीं टी. एम्. ९–७५४ ही पुस्तिका आहे), आणि नवा भाग बसविल्यास त्यावर साल कोरावें. अहिल्यानगर येथें १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांनीं तेथेंही एकदां त्याच दृष्टीनें जावें. रंगाखालील अक्षरें वाचण्याची संवय त्यांस आहेच. फक्त येथें बोटांस शाईऐवजीं गंज लागेल.