यूपीआय व्यवहारांची हिशेबपूर्ती

यूपीआय व्यवहारांची हिशेबपूर्ती किंवा सेटलमेंट म्हणजे युनिफाइड पेमेंट्स इंटरफेसवरून झालेल्या व्यवहारांचे बँकांनी आपापसांतील देणे-घेणे चुकते करण्याची प्रक्रिया होय. ग्राहकांच्या खात्यांवरील नोंदी काही सेकंदांत होतात. बँकांमधील रक्कम मात्र नंतर ठरावीक फेऱ्यांमध्ये चुकती होते.

पार्श्वभूमी

मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयके महामंडळाने २२ नोव्हेंबर २०१० रोजी आयएमपीएस ही तत्काळ निधी हस्तांतरण सेवा सुरू केली. तिच्याच पायावर उभारलेल्या यूपीआयचे अनावरण ११ एप्रिल २०१६ रोजी झाले.

कार्यपद्धती

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे मोठे माहिती तंत्रज्ञान उद्यान असून पौड हे तालुक्याचे मुख्यालय आहे. हिंजवडीतील ग्राहकाने पौडच्या दुकानदाराला क्यूआर कोडद्वारे ५०० रुपये दिले, असे समजू. ग्राहकाची बँक पिन तपासून रक्कम वजा करते आणि महामंडळाच्या यंत्रणेमार्फत संदेश मिळताच दुकानदाराची बँक ती जमा करते. या वेळी प्रत्यक्षात संदेशांचीच देवाणघेवाण होते.

पुढे अशा सर्व व्यवहारांची वजाबाकी केली जाते. एका बँकेचे दुसरीला १० लाख रुपये देणे आणि ८ लाख येणे असेल, तर फरकाचे २ लाखच भारतीय रिझर्व्ह बँकेतील खात्यांतून चुकते होतात.

सॉफ्टवेअरची रचना

संदेश वाटेत अडकल्यास व्यवहार यशस्वी किंवा अयशस्वी न ठरता प्रलंबित राहतो. सॉफ्टवेअरने प्रलंबित व्यवहार अयशस्वी मानून पुन्हा मागणी केली, तर ग्राहकाचे पैसे दोनदा जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक देणे, एकच सूचना दोनदा आली तरी नोंद एकदाच करणे, ग्राहकाने दाखवलेल्या पडद्यावर विसंबून न राहता बँकेकडून स्थिती पडताळणे आणि दिवसअखेरीस स्वतःच्या नोंदी बँकेच्या अहवालाशी जुळवणे आवश्यक असते.

व्यापारी पेमेंट ॲग्रीगेटरमार्फत पैसे स्वीकारत असल्यास रक्कम आधी मध्यस्थाच्या एस्क्रो खात्यात आणि त्यानंतर व्यापाऱ्याकडे जाते. त्यामुळे व्यवहार यशस्वी होणे आणि व्यापाऱ्याच्या खात्यात रक्कम जमा होणे या दोन वेगळ्या नोंदी ठरतात.

ग्राहकसंरक्षण

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून रक्कम वजा होऊनही ती समोरच्या व्यक्तीच्या खात्यात जमा न झाल्यास व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत करावी लागते. व्यापाऱ्याला दिलेल्या रकमेची पुष्टी न मिळाल्यास ही मुदत पाच दिवसांची असते. मुदत उलटल्यास ग्राहकाला प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय होते व त्यासाठी तक्रार करण्याची अट नाही.