शेकडा एक हिस्सा



कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळावर निवड झाली की हारतुरे होतात. पण या कामाची सुरुवात कशी झाली, हे आपणांस ठाऊक आहे काय?

सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली अलीगढला शाळा काढली. १८७७ साली कॉलेजचा पाया घातला गेला. तेथील विद्यार्थी साहिबजादा आफताब अहमद खान यांनी पुढे ‘अंजुमन-उल-फर्ज’ स्थापन केली. खात्यापित्या घरची मुले सुट्टीत गावोगाव फिरून गरीब सोबत्यांसाठी वर्गणी मागत. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही! १८९२ साली प्राध्यापक थिओडोर मॉरिसन यांच्या पुढाकाराने ‘ब्रदरहुड’ निघाली. सभासद उत्पन्नातला शेकडा एक हिस्सा कॉलेजला देत. १८९९ साली ‘ओल्ड बॉईज असोसिएशन’ झाली. म्हणजे आधी फर्ज, मग मंडळ.

आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ साली मिळाले. आता २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीतील चार स्थानिक सभासदांत निदान एक माजी विद्यार्थी असावाच लागतो. अंदाजपत्रक याच समितीपुढे येते. खुर्ची लहान नाही.

दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि कॉलेजातला मुलगा मागे एकटा राहतो. त्याच्या जेवणाचा, परीक्षा फीचा विषय मंडळाच्या सभेत कोणी मांडला, हे एकदा इतिवृत्त मागवून अवश्य पाहा.